एसटीपायी राहिलेला शेवट

आईच्या लग्नाचा बस्ता गुलमंडीत बांधला. त्या दिवशी देवगाव रंगारीहून आजोबा, मामा, दोन मावश्या आणि आई असे सगळे शहरात आले होते. कपडे लवकर घेऊन झाले, म्हणून मामांनी सगळ्यांना दुपारच्या खेळाला नेलं. सिनेमा जुना, कृष्णधवल, नवरा-बायकोचा. त्यातला नवरा एकाच घरात राहून बायकोशी बोलत नाही. काही हवं असलं की तिच्यादेखत आपल्या आईला सांगतो, "तिला म्हणावं, पाणी आण." सोसून सोसून शेवटी ती ट्रंक भरते आणि उंबऱ्याशी येते.

तेवढ्यात मामा उठले. "चला, उठा. यष्टी जाईल."

देवगावची ती शेवटची गाडी होती. सगळे अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पडले. गाडीत आईनं विचारलं, "दादा, पुढं काय झालं असंल?"

"काय व्हायचं?" मामा म्हणाले. "नवऱ्यानं हात धरला असंल, आली असंल माघारी. जाती कुठं?"

आईच्या मांडीवर बस्त्याचं गाठोडं होतं. त्या गाठोड्याबरोबर तिनं हा शेवटही घरी नेला. पुढं आम्हा दोघी बहिणींना तिनं तो सिनेमा अनेकदा सांगितला. एसटीसाठी कसे पळालो हे ती हसत सांगायची, आणि बाई माघारी आली हेही सांगायची. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, हे आमच्याही कधी लक्षात आलं नाही.

यंदा ताई बॅग घेऊन पुंडलिकनगरला आमच्या घरी आली. तिचा नवरा मारत नव्हता. हे वाक्य लोक त्याच्या बाजूनं म्हणतात म्हणून मीच आधी लिहून टाकते. तो महिनेमहिने अबोला धरायचा. बोललाच तर टोचून बोलायचा. तिची नोकरी त्यानं सोडायला लावली होती. एकदा तिनं वाढलेलं ताट त्यानं पायानं सरकवलं, आणि त्याच दिवशी ती निघाली.

मामांचा फोन आला. रविवारी भावकीतली दोन वडीलधारी माणसं घेऊन ते येणार होते. ताईची समजूत घालायची आणि आपल्याच गाडीनं तिला सासरी सोडायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. आई म्हणाली, "बरं, या."

मी पत्रकांवर वाढले आहे. वडील होते तोवर घरात चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे यायचे आणि जेवणं झाली की आम्ही घड्या घालायला बसायचो. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली आणि त्यांत छापलेलं सगळं खरं मानलं. आजही मानते. आई मेथी निवडत होती. तिच्यापुढं बसून मी बाईचा हक्क, कायदा, माणूस म्हणून जगणं, सगळं मांडलं.

"झालं तुझं पत्रक?" ती म्हणाली.

"पत्रक नाही, आई. ताईच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"मग माईकवर बोलल्यावानी काय बोलतीस? त्या सिनेमातल्या बाईनं काय कमी सोसलं? तरी गेली ना माघारी?"

"तुला काय माहीत? तुम्ही तर उठून आला होता."

तिचा हात मेथीतच थांबला. "व्हय की," ती हळूच म्हणाली.

शनिवारी दुपारी मी तो सिनेमा शोधून टीव्हीवर लावला. ताई म्हणाली, "तुम्ही बघा. मी बघून आलेय." ती स्वयंपाकघरात निघून गेली. आई जमिनीवर बसली. पडद्यावरची बाई ट्रंक घेऊन उंबऱ्याशी आली आणि आई गुडघ्यांवर हात टेकून अर्धी उठलीसुद्धा.

"इथं," ती म्हणाली, "इथंच दादानं हाक मारली."

"आज गाडी नाही, आई. बस."

ती बसली. नवऱ्यानं खरंच हात धरला. "बघ! सांगत नव्हते?" आई म्हणाली. बाईनं हात सोडवून घेतला, किल्ल्या फडताळात ठेवल्या आणि गेली. मग एक लहानशी खोली दिसली. स्टोव्ह. तिनं भात टाकला आणि वाफा निघत असतानाच एकटीनं खाल्ला. दार वाजलं नाही. कुणी आलं नाही. सिनेमा तिथंच संपला.

"गरम गरम खाल्लं तिनं," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "इतकी वर्षं मी तिला उगाच माघारी पाठवीत आले."

माझ्या तोंडाशी अख्खं पत्रक आलं होतं. मी ते गिळलं.

रविवारी मामा आले. चहा झाला. दोघं वडीलधारी सोफ्यावर माना हलवत बसले. मामांनी ताईला हाक मारली. "आवर, पोरी. थोडं तू सोस, थोडं त्याला सांगतो." मग ते आईकडे वळले. "बाई, तो सिनेमा आठवतो का? तीबी गेलीच ना माघारी?"

"नाय गेली, दादा," आई म्हणाली. "माघारी आपण गेलो. यष्टीनं."

"म्हंजे?"

"काल बघितला. शेवटपर्यंत."

मामा पुढं सरकले. इतक्या वर्षांची उत्सुकता त्यांना लपवता येईना. "मग झालं काय तिचं?"

"पोटभर जेवली. पोरीला मी पाठवणार नाय."

"लोक काय म्हणतील?"

ताई दारात उभी होती. "मामा, सिनेमा तुम्ही बघत बसा," ती म्हणाली. "आईनं पाठवलं असतं तरी मी गेले नसते. उद्यापासून मी कामावर जातेय. नवी नोकरी आहे." ती कप उचलून आत गेली.

वडीलधाऱ्यांपैकी एक जण घड्याळ बघून उठू लागला.

"बसा," आई म्हणाली. "आता दादाची स्वतःची गाडी दारात आहे. कुणाची यष्टी चुकत नाय."

मी रिमोट घेतला. "जिथून उठला होता तिथून लावू?"

"नको," आई म्हणाली. "पहिल्यापासून लाव. तो तिच्याशी कसा वागतो, ते बघू दे यांना."