उजवी पाकळी पडली होती

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. देवाला सांगायची गरज नव्हती, तो तिथंच होता. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या अक्काला ओळखत नाही. ओळखत असता तर माझ्या तोंडातून शब्द फुटला नसता.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. अक्काचा नवरा त्याच्या आदल्या वर्षी वारलेला, ती माहेरी परत आलेली. तिनंच मला वाढवलं. आमचं गाव जोयडा तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून बरंच आत, जंगलात. थोडं भात, परसात कणग्यांच्या, म्हणजे जमिनीखाली धरणाऱ्या कंदांच्या वेली. अक्का अजून तिथंच राहते. माझं रामनगरला टायर-पंक्चरचं दुकान आहे. गोव्याला जाणारे ट्रकवाले मला तोंडाळ म्हणून ओळखतात. मनात एक आणि ओठात एक असं आपलं नसतं — असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत आलोय. आता ऐका.

अक्काच्या एका डोळ्यात मोतीबिंदू झाला. गावात कुणी तयार नव्हतं, अक्काही नव्हती. मीच तिला शिबिराला नेलं. ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी तिनं निरोप धाडला — डोळा ठणकतोय. मी उलट निरोप दिला, ऑपरेशन झालंय, थोडं दुखणारच. दुकान सोडून जायचा कंटाळा, दुसरं काय? आठवड्यानं गेलो तेव्हा डोळ्यात पू झालेला. तो डोळा गेला. अक्का एका शब्दानं बोलली नाही. पण गाव बोलला. पाणवठ्यावर, लग्नात, बसस्टँडवर — भावानं बहिणीचा डोळा घालवला. मला ते झोंबलं. खरं होतं म्हणून जास्त झोंबलं.

हा माझा गुन्हा नव्हे. म्हणजे आहे — पण तो सगळ्यांना माहीत आहे. मी सांगतोय ते पुढचं.

काही वर्षांनी दुसरा डोळा बिघडला. आधी आतून सूज यायची, डोळा लाल व्हायचा, औषधानं सूज जायची, परत यायची. मग त्याच डोळ्यात काचबिंदू निघाला. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, आत पाण्याचा दाब वाढलाय, मागची नस दबून मरतेय. दाब म्हटल्यावर मला लगेच कळलं, जन्म हवा भरण्यात गेलाय. अक्काला समोरचं दिसायचं, पण बाजूचं दिसेनासं झालं होतं. चौकटीला खांदा आपटायचा. ताटातली भाजी दिसायची, शेजारची वाटी हाताला लागून सांडायची.

वर्षभर थेंब घातले. तीन तऱ्हेचे थेंब, तरी दाब उतरेना. शेवटी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणाले, आता ऑपरेशनच. पण हा डोळा सरळ नाही. नेहमीच्या ऑपरेशनात पाण्याला वाट करून देतात, इथं सूज येत राहते, ती वाट बुजेल. म्हणून बारीक नळी बसवावी लागेल. त्यातही धोका आहे, रक्त उतरलं किंवा दाब फार खाली गेला तर आहे ती नजरही जाऊ शकते. आणि नाही केलं, तर वर्ष-दोन वर्षांत जाईलच. गेलेली परत येत नाही. मी विचारलं, तुम्ही काय कराल? ते म्हणाले, "माझ्या मते करावं. हमी मागू नका. पंधरा दिवसांत कळवा."

अक्का माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "तू म्हणशील तसं."

मी म्हणेन तसं! मला तिच्या डोळ्याची काळजी नव्हती का? होती. पण खरं सांगू — त्या घटकेला माझ्या डोळ्यांपुढं बसस्टँडवरची माणसं होती. हाही डोळा माझ्या हातून गेला तर? आपोआप आंधळी झाली तर कुणी मला काही म्हणणार नव्हतं.

म्हणून मीच म्हणालो, कौल लावूया. अक्काचा चेहरा उजळला. "व्हय, देवाला इचारूया," म्हणाली.

आमचा देव गावाबाहेर त्याच्या राखीव रानात आहे. नुसता उभा पाषाण, वर छप्पर नाही. त्या रानातली वाळकी काडीही कुणी उचलत नाही. तिथं पुजारी नाही. ज्या घरचं काम, त्या घरच्या पुरुषानं देवाला पाणी घालायचं, गाऱ्हाणं म्हणायचं आणि ओल्या केलेल्या दोन पाकळ्या पाषाणाला चिकटवायच्या — एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवी आधी पडली की होय. डावी पडली की नको. आणि ज्यानं लावल्या त्यानंच कुठली पडली ते मोठ्यानं सांगायचं. घरची बाई मागं हात जोडून उभी असते.

सकाळची वेळ. तरी तिथं झाडीमुळं अंधूक असतं. मी पाकळ्या लावल्या. लबाडी केली नाही, दोन्ही सारख्या ओल्या केल्या, सारख्या दाबल्या. मनात एवढंच — देवा, हे माझ्या डोक्यावरून काढ. डावी पाड.

आम्ही कितीतरी वेळ उभे होतो. मग उजवी पाकळी सुटली. घसरत माझ्या पायाशी येऊन पडली.

अक्काला दिसलं नाही. मागून, त्या अंधूक उजेडात, तिला कसं दिसणार?

"कुठली पडली रं?"

मला वाटतं मी एक श्वास घेतला. फार नाही, एकच. आणि म्हणालो, "डावी."

झालं. हेच ते.

अक्कानं जोडलेले हात कपाळाला लावले. मग म्हणाली, "बरं. देव न्हाई म्हणतोय तर न्हाई." मी खाली वाकलो, उजवी पाकळी उचलून मुठीत घेतली. डावी अजून पाषाणावरच होती. तीही बोटानं काढली, तिनं पुढं येऊन चाचपून बघितलं तर नको म्हणून. एवढं सगळं मला त्या घटकेला सुचलं. घाबरलेला माणूस असा नसतो हो. असं करणारा पक्का असतो.

डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी परत समजावलं, दोनदा. अक्का म्हणाली, देवाचा कौल न्हाई. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडं. मग कागद आला — रुग्ण ऑपरेशनला तयार नाही. अक्काला अंगठ्याची जागा सापडेना. मी तिचा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि चौकोनात टेकवला. तिथंही बोलता आलं असतं. बसमध्ये बोलता आलं असतं. पुढं वर्षभर दर रविवारी मी तिच्या डोळ्यात थेंब घालत होतो, तिचं तोंड माझ्या दोन्ही हातांत असायचं, तेव्हाही. दाब वाढत होता, वेळ उरलेला होता. मी गप्प राहिलो.

पुढच्या भातकापणीला तिला विळा दिसेना. दिवाळीनंतर पणतीही दिसेना. आता ती बोटांनी माती उकरून कणगे काढते आणि एकही तुटत नाही. बसस्टँडवरची माणसं मला म्हणतात, बहिणीचं केवढं करतोस.

ऑपरेशन केलं असतं तर नजर राहिली असती का? डॉक्टरांनीही हमी दिली नव्हती. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलंय. त्याचा उपयोग होत नाही.

आणि इथंच संपलं असतं तरी मी कदाचित हे पोटात घेऊन मेलो असतो. पण अक्का देवानं नको का म्हटलं ते शोधत बसली. तिला वाटलं, चूक तिचीच असणार. एकदा ओसरीवर कणगे सोलता सोलता मला म्हणाली, "तू पाच वर्साचा होतास. तापानं फणफणला होतास, आठ दिस पाऊस. घरात वाळकं लाकूड न्हवतं. मी देवाच्या रानातली मोळी आणली, तुला शेकायला. कुणाला सांगितलं न्हाई. देव ते इसरला न्हाई बघ."

मी काय केलं? "असेल," म्हणालो.

तेव्हापासून दर वर्षी ती देवाला नारळ देते, त्या मोळीसाठी. मी तिचा हात धरून रानात नेतो. ती मागं हात जोडून उभी राहते. नारळ मी फोडतो, गाऱ्हाणं मी घालतो, आणि ते मोठ्यानं घालावं लागतं — बा देवा, आमच्या अक्काच्या हातनं चूक झाली, लेकराचा गुन्हा पदरात घे.

यंदाही घातलं.