रिकाम्या खोलीतली ताई

ताईकडे जायचं ठरलं ते भाच्याच्या फोनमुळे. "मामा, या एकदा बुऱ्हाणपूरला. घर पूर्ण स्मार्ट केलंय. विजेची बचत घर स्वतःच करतं." घराला अक्कल आली म्हणजे माणसांनी आपली गहाण टाकली असणार, असं मनात आलं. पण ताईला पक्षाघात होऊन वर्ष होत आलं होतं. बोलणं गेलं, डाव्या हाताची बोटं तेवढी हलतात. निघालो.

भुसावळहून गाडीने तासाभराचं अंतर. सकाळचीच गाडी धरा. एप्रिलात दुपारी खिडकीतून वारा नव्हे, भट्टीची धग येते. दोन्ही अंगांना केळीच्या बागा. ती सळसळ ऐकली की शाळेत पाठ केलेल्या ओळी आपोआप ओठांवर येतात. बुऱ्हाणपूरचं स्टेशन गावाच्या लालबाग भागात. जवळच जायचं असेल तर रिक्षा नको, पायी चला आणि वाटेत मावा जिलेबी गरमगरम खा. या गावातली खरी ऊर्जा ती.

गिरीशने, म्हणजे भाच्याने, चहाआधी मोबाइल पुढे केला. कुठल्याशा कंपनीची सेवा घेतलीय. खोलीखोलीच्या छताला सेन्सर. माणूस हलला की दिवा-पंखा चालू, पंधरा मिनिटं हालचाल नाही की बंद. "आणि सगळ्यात कमी वीज कुठल्या खोलीत, बघा मामा. आईच्या!" केवढा तो अभिमान! एवढा दहावीच्या निकालालाही नव्हता.

दुपारी ताईच्या उशाशी बसून तिला लहानपणच्या कविता एकामागून एक म्हणून दाखवत होतो. मी डोळे मिटून तल्लीन, तीही. शेवटच्या कडव्याला पंखा थांबला. वाटलं, वीज गेली. तेवढ्यात ताईला सांभाळणाऱ्या शांताबाई धावत आल्या आणि छताकडे बघत पदर दोनदा झटकला. पंखा फिरू लागला.

"हे काय?"

"मशीनला समजत नाही ना काका, अंदर कोणी आहे करके. दिवसभर हेच. मी सैपाकात अटकले की आई घामाने पुऱ्या भिजून जातात."

गिरीशला हाक मारली. त्याने मोबाइल पाहिला. पंखा बंद पडला त्या वेळेसमोर लिहिलं होतं : खोली रिकामी.

"सेटिंगचा प्रॉब्लेम असेल मामा. कंपनीत कम्प्लेंट टाकतो, दोन दिवसांत बंदा येऊन जाईल."

"तुझी आई खोलीत आहे की नाही, हे कंपनीला विचारून सांगणार तू?"

उशी सरळ करायला त्याने ताईच्या मानेखाली हात घातला, तर उशी चिंब. आपला ओला हात तसाच बघत राहिला. मग स्वतःच स्कूटर काढून वायरमनला घेऊन आला. रफीकभाईंनी ती खोली यंत्रणेतून सोडवली आणि लांब वायरीचं साधं बटण ताईच्या डाव्या हाताशी बांधलं. "लो अम्माजी, अब आप ही मालिक." मजुरीसकट अडीचशे. स्मार्ट होऊ पाहणाऱ्या वाचकांनी नोंद घ्यावी.

ताईने बटण दाबलं. पंखा बंद. पुन्हा दाबलं. चालू. आमच्याकडे बघून ती ओठाच्या एका कोपऱ्यातून हसली.

दुसऱ्या दिवशी कुंडी भंडारा, म्हणजे मुघलांच्या काळातली भुयारी पाणीयोजना, पाहिली. जमिनीखालून शतकानुशतकं पाणी वाहतंय, कुणाला नोटिफिकेशन न पाठवता. नक्की बघा.

घरी येऊन आठवडा झाला. निघताना गिरीशने छापून दिलेले वीजबचतीचे रंगीत आलेख मी गाडीतच विसरलो. काल फोन केला, त्याने तो ताईच्या उशीवर ठेवला.

"ताई, ऐकू येतंय?"

टक.

"जेवलीस?"

टक.

मागून गिरीश ओरडला, "आई, पंख्याची मोटार जळेल!"

टक. टक. टक.