दाजींची बाटली

ज्या काळात हातात बाटली दिसली की दारूबंदीचा शिपाई मागे लागायचा, त्या काळात माझे दाजी मुंबईहून कमरेएवढी उंच लोखंडी बाटली खांद्यावर घेऊन नंदुरबार स्टेशनवर उतरले. बाटलीत दारू नव्हती, हवा होती, पण हे शिपायाला पटवता पटवता त्यांना घाम फुटला. शिपाई म्हणाला, उघडा. दाजींनी चावी फिरवली आणि ती अशी सुटली की परत बंदच होईना. फलाटावरची कुत्री पळाली, हमाल पळाला, शिपाई स्वतः चार पावलं मागे सरला. बाटली सूं सूं करत शेवटपर्यंत रिकामी झाली. मग शिपायाने तिच्या तोंडाशी नाक नेलं, वास घेतला आणि निराश होऊन म्हणाला, "जा."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे विसरवाडीचे, नोकरी मुंबईला गोदीतल्या एका गोदामात. लहानपणीच बाप गेलेला, मामाकडे वाढलेले, अंगाने किडकिडीत आणि स्वभावाने इतके गरीब की समोरच्याने पाय दिला तरी हेच माफी मागतील. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहीण माहेरी येई आणि सणानंतर तिला न्यायला दाजी येत. त्या वर्षी मात्र ते सणाआधीच आले, ते ही बाटली घेऊन. सोबत गोणपाटात बांधलेला बाकीचा सरंजाम होता: दोन रबरी नळ्या, तोंडात धरायचं एक बोंडूक, डोळ्यांवर लावायची काच आणि शिसाच्या वड्या ओवलेला पट्टा. हे सगळं चोरबाजारातून घेतलेलं, कुणीतरी वापरून टाकलेलं. पाण्याखाली श्वास घेण्याचं यंत्र आहे, असं दाजींनी ओसरीवर सगळ्यांना सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं.

माझ्याकडे का, ते सांगायला हवं. आमचं शेत कोरीटच्या शिवारात, तापीच्या अंगाला. केळी आणि ऊस, सगळा भरवसा विहिरीवरच्या ऑईल इंजिनावर. इंजिनाच्या पाइपाला पाण्यातल्या टोकाशी जाळीची झडप असते. कारखानदार तिला काही म्हणोत, आमच्याकडे ती फुटबॉल. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की फुटबॉल गाळात रुतायचा, जाळीला शेवाळ आणि चिंध्या धरायच्या आणि इंजिन पाणी सोडून द्यायचं, म्हणजे पाणी ओढणंच बंद. वरून पाइपात शेणकाला ओतून कधी भागे, कधी भागत नसे. मग पाइप सगळा खोलून वर काढायचा, म्हणजे निम्मं गाव गोळा करायचं आणि केळी तोवर उन्हात उभी. त्यापेक्षा सोपा उपाय मी होतो. मी बुडी मारून खाली जायचो, हाताने जाळी साफ करायचो आणि वर यायचो. तापीत पोहून वाढलेला, घरातला एकुलता एक मुलगा, आणि गावभर नाव झालेलं. डोक्यात थोडी हवा गेलेली होतीच.

आदल्या आखाजीला दाजी पहिल्यांदाच हा प्रकार बघत होते. मेव्हणा फुटबॉल काढायला विहिरीत उतरलाय असं कुणीतरी त्यांना सांगितलं, तेव्हा एका चेंडूसाठी एवढी माणसं का जमली, हे त्यांना कळेना. तेवढ्यात तळाशी पडलेल्या जुन्या मोटेच्या नाड्यात माझा पाय अडकला. तो सोडवून मी वर आलो तेव्हा नाकातून रक्त येत होतं. मी हसून वेळ मारून नेली. "विहिरीनं टिळा लावला," असं म्हणालो आणि लोकही हसले. दाजी हसले नाहीत. त्यांनी स्वतःचा टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि माझ्याकडे बघत राहिले.

त्यानंतर मला त्या विहिरीची भीती वाटू लागली होती. हे मी कुणाला बोललो नव्हतो, बायकोलाही नाही. दाजींनी विचारलं नाही, पण ओळखलं एकट्या त्यांनी. म्हणून ती बाटली बघून मला हसू आलं तरी आतून फार भरून आलं.

आता हे वापरायचं की नाही? आमच्याकडे जुनी वस्तू घेण्याची एकच रीत माहीत होती, ती बैलाची. वडिलांनी त्या यंत्राला प्रदक्षिणा घातली, बाटलीवर बोटांनी वाजवून बघितलं, नळ्या ताणून बघितल्या. एका नळीला चिरा होत्या आणि सायकलच्या ट्यूबचं ठिगळ होतं. मग त्यांनी ते बोंडूक उचललं. रबरावर दातांचे ठसे होते. बैल घेताना बैलाचे दात बघतात; इथे मालकाचे दात बघायची पाळी आली.

"जेनं व्हतं, तो मानूस कोठे शे?" मायने विचारलं.

"माहीत नही, मामी," दाजी म्हणाले; सासू-सासऱ्यांना ते मामी-मामा म्हणत. "दुकानदारनी सांगं नही."

जावयाने आणलेल्या वस्तूला नावं ठेवायची नसतात, म्हणून मायने उष्टं हा शब्द तोंडातून काढला नाही. फक्त ते बोंडूक उचलून मागच्या दारी नेलं, राखेने घासलं आणि पाटावर उन्हात ठेवलं.

वडील दाजींशी एकूणच कमी बोलत. राग नव्हता, उलट मान इतका की बिचाऱ्यांना त्यात श्वास घेता येत नसे. "पाव्हना, बठा." "पाव्हना, जेवा." दाजी शेतात आले की कुणीतरी धावत जाऊन त्यांच्याखाली खाट टाकी. त्यांनी चाऱ्याच्या पेंढीला हात लावला की वडील ती काढून घेत. जावयाला काम सांगणं म्हणजे घराण्याला बट्टा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमच्या घरात दाजी खाटेवरच होते. सगळे घाम गाळत असताना तो माणूस पाहुण्यासारखा हात मांडीवर ठेवून बसायचा आणि त्याच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते मला बघवत नसे. आता त्यांनी पहिल्यांदा या घरासाठी काहीतरी केलं होतं. नको म्हणायचं कसं? आणि घालायचं तरी कसं?

त्यात त्याच आठवड्यात इंजिनाने पाणी सोडलं.

बाटली रिकामी होती. नंदुरबारचा सायकलवाला हात जोडून मोकळा झाला. दाजी म्हणाले, विसरवाडीला हमरस्त्यावर ट्रकच्या टायरांत हवा भरतात, दुकानदार माझ्या ओळखीचाच आहे. आम्ही दोघं बाटली घेऊन एस.टी.ने विसरवाडीला गेलो. दुकानात डिझेलवर चालणारं हवेचं मशीन धडधडत होतं, त्याचा धूर तिथेच घुटमळत होता. दुकानदाराने बरीच खटपट करून नळी जोडली. हीच हवा चालेल का, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, "हवा ती हवा. ट्रकले चालस ते मानूसले काबर चालाव नही?" आज हसू येतं, पण त्या दिवशी आम्हा दोघांना ते अगदी पटलं. ट्रक माणसाहून कितीतरी मोठा.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मंडळी जमली. वडील म्हणाले, बैल आधी रिकाम्या औताला जुंपतात, तेव्हा आधी हौदात. मी पट्टा बांधला, काच लावली, बाटली पाठीवर बांधून घेतली आणि विहिरीशेजारच्या हौदात बसून डोकं पाण्याखाली घातलं. पहिला श्वास आला. खरंच आला. पाण्याखाली बसून मी श्वास घेत होतो आणि मला लहान पोरासारखा आनंद झाला. पुढच्या श्वासाला जिभेवर रबराची आणि डिझेलची चव आली. आणखी काही श्वासांत कपाळ ठणकू लागलं आणि श्वास ओढायला जड जाऊ लागलं. मी वर आलो.

"कसं शे?" दाजींनी विचारलं. त्यांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

"एक नंबर," मी म्हणालो आणि हौदाच्या कडेला ओकलो.

बहीण बायकांच्या घोळक्यातून पुढे आली. तिने पदराने ते बोंडूक पुसलं, नाकाशी धरलं आणि बटण दाबावं तसं दाजींनी शिकवलेल्या जागी दाबलं. मग नवऱ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "हाई हवा नही, हाऊ धूर शे."

बोलण्यासारखं होतं पुष्कळ, पण जावयासमोर कोण बोलणार? दाजींनी खाली बघितलं. मग त्यांनी सदरा काढला, घडी करून बहिणीच्या हातात दिला आणि माझ्या कमरेचा शिसाचा पट्टा सोडून स्वतःच्या कमरेला बांधायला घेतला.

"मीच लयेल शे," बाटलीकडे बघत ते म्हणाले. "मीच उतरसू."

दाजींना पोहता येत नव्हतं. डोंगराकडच्या माणसाला नदी ठाऊक ती पुलावरून. शिसाचा पट्टा बांधून विहिरीत गेले असते तर फुटबॉलच्या शेजारीच राहिले असते. हे सगळ्यांना दिसत होतं, त्यांनाही दिसत असणार. पण ते थांबेनात. मी त्यांचा हात धरला, त्यांनी सोडवला. इतका जोर त्या हातात असेल असं मला वाटलं नव्हतं. बहीण सदरा छातीशी धरून उभी होती.

वडील खाटेवरून उठले. ती खाट दाजींसाठी टाकलेली होती, पण त्या दिवशी तिच्यावर वडील बसले होते. ते दाजींसमोर येऊन उभे राहिले आणि पट्ट्याचं बक्कल स्वतःच्या हातांनी सोडू लागले. बक्कल लवकर सुटेना.

"मामा, ऱ्हाऊ द्या," दाजी म्हणाले.

"माले दोन आंडोर शेत," वडील बक्कलाकडे बघत म्हणाले. "एकलेबी उतरू देवाव नही."

आंडोर म्हणजे मुलगे, आणि मी एकुलता एक होतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. दाजींचे हात खाली आले. पट्टा जमिनीवर पडला आणि दाजी तिथेच उघड्या अंगाने उभे राहिले. ते रडत होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. मलाही सुचलं नाही.

मग पाइप वर काढायचं ठरलं, जे आधीच ठरायला हवं होतं. विहिरीच्या काठावर तीन बल्ल्या उभ्या करून कप्पी टांगली, गावातली माणसं बोलावली. दोर खांद्यावर घेऊन सगळे रांगेने उभे राहिले. सवयीने कुणीतरी खाट सावलीत ओढली आणि दाजी सवयीने तिच्याकडे निघाले.

"ओ! दखी काय ऱ्हायना?" वडील काठावरून गरजले. "दोर धर! हात शेत का लाकडं?"

पाव्हना नाही, धरा नाही. धर. माझ्यावर ओरडायचे अगदी तसं. दाजी धावले आणि माझ्या मागे येऊन त्यांनी दोर धरला. खेचायचा त्यांना अनुभव नव्हता. ताल चुकायचा, माझ्या टाचांवर पाय पडायचा. वडील दर खेचीला त्यांचा उद्धार करत होते. फुटबॉल चिखलाने भरलेला वर आला तेव्हा दाजींच्या दोन्ही तळव्यांची सालं निघालेली होती.

ती बाटली पुढे इंजिनघरात पडून राहिली. शिसाच्या वड्या कुणी कुणी नेल्या. काच वडील पिकावर भुकटी मारताना डोळ्यांना लावत. मी त्या विहिरीत परत उतरलो नाही आणि कुणी मला उतर म्हणालंही नाही.

त्या संध्याकाळी बहिणीने दाजींच्या तळव्यांना हळद-तेल लावलं. ते हात पुढे करून ओसरीवर बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याने काय झालं असं विचारलं की फोड दाखवायचे आणि सांगायचे, "मामानी आज बहू शिव्या दिन्यात." आणि पुन्हा कुणी विचारतं का, म्हणून दाराकडे बघायचे.