बांगडी शेवटी

आमच्या साखर कारखान्याच्या सर्व्हर खोलीत शिरलात की पहिल्यांदा नजर जाते ती बांगड्यांवर. लोखंडी मांडणीत खाली काळा सर्व्हर, वर सगळ्या केबली जोडणारा नेटवर्कचा स्विच, आणि स्विचमधून निघणाऱ्या प्रत्येक केबलमध्ये अडकवलेली एक प्लॅस्टिकची बांगडी. ऊस मोजायच्या काट्याकडे जाणारीला हिरवी, स्टोअरला निळी, हजेरीच्या टाइम ऑफिसला लाल, दवाखान्याला पांढरी. पुण्याहून कोणी इंजिनिअर आला की आधी हसतो आणि मग हळूच मोबाईल काढून फोटो घेतो. ही सगळी करामत मणियार चाचांची.

चाचा आमच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. विभाग म्हणजे चाचा आणि मी, बाकी कोणी नाही. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या बांगड्यांचा धंदा. लहानपणी राहुरी, देवळाली, पुणतांबा असे आठवडे बाजार ते वडिलांबरोबर फिरले होते. पुढे आयटीआय करून कारखान्यात वायरमन म्हणून लागले आणि कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याची पेटी उघडायला दुसरं कोणी धजेना, म्हणून त्यांनी उघडली. तेव्हापासून ते त्याच खोलीत. बाईचं मनगट बघून सव्वादोन की अडीच हे ते लांबूनच सांगायचे, आणि केबलच्या जुडग्याला किती मापाची बांगडी बसेल हेही.

माझा पहिला दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी मी त्यांच्यावर भडकले होते. देवळाली प्रवरेहून स्कूटीवर आले, हजेरी लावली, खुर्चीत बसते न बसते तोच हा साठीकडे झुकलेला माणूस म्हणाला, "ताई, हात पुढं करा जरा." मी हात पदराखाली घेतला आणि चांगलंच टवकारून बघितलं. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी आपल्या हातातली हिरवी बांगडी उंच धरली होती. "ह्यो हिरवा आन तुमच्या बांगड्यांचा हिरवा, येकच दिसतो का येगळा? हितल्या बत्तीत मला समदं निळंच दिसाय लागलंय. काट्याची लाईन स्टोअरची वाटली तर लई घोळ व्हईल." मी मुकाट्याने हात बाहेर काढला आणि वेगळा आहे म्हणून सांगितलं. "मग बराबर," असं म्हणून त्यांनी पकडीने बांगडीला एक काप दिला, ती फाकवून केबलवर चढवली आणि पुढच्या केबलकडे वळले.

बांगड्यांचं हे प्रकरण गमतीखातर नव्हतं. मी लागायच्या आधीच्या हंगामात कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर एकाच जाळ्यात होते. स्टोअरमधल्या एकाने कोणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवरून लावला, त्यातून व्हायरस शिरला आणि काटा अर्धा दिवस बंद पडला. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार हमरस्त्यापर्यंत गेली. उन्हात ऊस वाळत होता आणि तोडणीच्या टोळ्या, ड्रायव्हर, शेतकरी असे सगळे मिळून चाचांना शिव्या घालत होते. कार्यकारी संचालकांनी, म्हणजे आमच्या एमडी साहेबांनी, चाचांना बोलावून सरळ सांगितलं, "पुढच्या हंगामात काटा पुन्हा थांबला तर हा विभाग मी पुण्याच्या कंपनीला देणार." चाचांची निवृत्ती जवळ आली होती, त्यांना स्टोअरमध्ये कुठेतरी बसवलं असतं. मी मात्र हंगामी होते. विभाग गेला की मी घरी. कायम होण्यासाठी माझा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडलेला होता आणि घरात ही नोकरी सासूबाईंच्या डोळ्यात आधीच खुपत होती. "स्कूटी उन्हात तापवायची आणि हंगाम संपला की परत चुलीपाशी," असं त्या येताजाता म्हणत.

चाचांनी एक मोठा सर्व्हर मागवला आणि त्याच्या पोटात चार वेगवेगळी मशीन उभी केली. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. दिसायला डबा एकच, पण आत काट्याचा कॉम्प्युटर वेगळा, स्टोअरचा वेगळा, टाइम ऑफिसचा वेगळा आणि दवाखान्याचा वेगळा. अडचण अशी की या चौघांचं बाहेर जाणं-येणं एकाच केबलमधून, स्विचपर्यंत. मला हे काही केल्या कळेना. चाचा म्हणाले, "एका घरात चार सुना, दार येकच. मंग दारात बसलेल्या मानसाला कळाय नको का, कोन कुनाकडं निघाली?" म्हणून प्रत्येकीला नंबर द्यायचा. काटा दहा, स्टोअर वीस, टाइम ऑफिस तीस, दवाखाना चाळीस. त्या नंबराला व्हीलॅन म्हणतात. मशीनमधून निघणाऱ्या प्रत्येक निरोपावर त्याचा नंबर चिकटतो, स्विच तो वाचतो आणि त्याच नंबराच्या वाटेला लावतो. स्टोअरमध्ये कोणी आता वीस लग्नांचे व्हिडिओ लावले तरी काट्याला त्याचा पत्ता लागणार नव्हता.

सर्व्हरपासून स्विचपर्यंतच्या त्या मुख्य केबलला आमच्या भाषेत ट्रंक म्हणतात. चाचा तिला नवरी म्हणायचे, कारण तिच्या अंगावर सगळ्या रंगांच्या बांगड्या असायच्या. स्विचवर तिच्यासाठी एक यादी असते. ज्या नंबराची त्या यादीत नोंद आहे, तोच त्या केबलमधून जाऊ शकतो. नोंद नसेल तर स्विच काही बोलत नाही, तक्रार करत नाही, फक्त आलेला निरोप टाकून देतो. ही त्याची गप्प राहण्याची सवय चाचांना मुळीच आवडायची नाही.

म्हणून त्यांचा एक नियम होता, बांगडी शेवटी. आधी स्विचवर नोंद करायची, मग पलीकडच्या माणसाला फोन करून विचारायचं आणि त्याने 'झालं' म्हटल्यावरच बांगडी घालायची. मी कधी उत्साहात "झालं चाचा!" म्हणाले तर ते मान वर न करता म्हणायचे, "तुमचं झालं वो. काट्यावरच्या कदमाचं झालं का, ते इचारा." कदम काटा क्लार्क. तो बिचारा फोनला कंटाळायचा. पण यामुळे एक सोय झाली होती. चाचा पुन्हा काही तपासत बसायचे नाहीत. खोलीत यायचे, बांगड्यांवरून नजर फिरवायचे आणि निघून जायचे.

हंगाम सुरू व्हायला दोन दिवस होते. सगळ्या लाईनी तपासून चाचा भाचीच्या लग्नाला पुणतांब्याला गेले. तेवढ्यात, ऊस उतरवल्यावर रिकामे ट्रॅक्टर मोजायच्या दुसऱ्या काट्याचा कॉम्प्युटर उशिरा का होईना, आला. त्याच्यासाठी सर्व्हरमध्ये पाचवं मशीन उभं करायचं होतं, नंबर पन्नास, रंग पिवळा. ते काम माझ्यावर होतं. मशीन उभं केलं, त्याला नंबर दिला, काट्याकडची लाईनही लावली. नवरीच्या यादीत पन्नास लिहायचं तेवढं उरलं होतं आणि ते माझ्या टेबलावरून लिहिता येणार होतं. मी सर्व्हर खोलीतच उभी होते, पिवळी बांगडी कापून हातात तयार होती. म्हटलं, आता इथे आहेच तर घालून टाकू, यादी टेबलावर गेल्यावर लिहू. घातली. शोभूनही दिसली. बाहेर आले तर टाइम ऑफिसातला प्रिंटर अडकला म्हणून हाक आली, मी तिकडे गेले आणि यादी डोक्यातून साफ निघून गेली. पलीकडचा कॉम्प्युटर अजून टेबलावर मांडलेला नव्हता, म्हणून कदमला फोन करायचा प्रश्नच आला नाही.

हंगामाच्या पहिल्या दिवशी कारखान्याच्या गव्हाणीत उसाची मोळी पडली, नारळ फुटला, पेढे वाटून झाले आणि पहिले ट्रॅक्टर भरल्या काट्यावरून सुरळीत पुढे गेले. ऊस उतरवून ते दुसऱ्या काट्यावर आले आणि तिथे अडकले. कॉम्प्युटर चालू, काटा चालू, पण वजन सर्व्हरपर्यंत पोचत नव्हतं. कदम हाताने चिठ्ठ्या लिहायला लागला आणि मागे रांग वाढत गेली. मी धावत सर्व्हर खोलीत गेले. नवरीच्या अंगावर पिवळी बांगडी होती. म्हणजे इकडे ठीक आहे, असं म्हणून मी बाकी सगळं उलथंपालथं केलं. केबल बदलली, मशीन बंद करून चालू केलं, काट्याच्या कॉम्प्युटरची पाठ उघडली. शेवटी रडकुंडीला येऊन चाचांना फोन लावला. मागे सनई वाजत होती. त्यांनी एकच विचारलं, "नवरीला पिवळी घातली का?" मी म्हटलं, घातली. "मंग नवरीचं बराबर हाय. दुसरीकडं बघा, मी निघालोच."

लग्नाच्या नव्या सदऱ्यावरच ते मोटरसायकलवरून आले. तोवर दुपार झाली होती आणि एमडी साहेब दोनदा काट्यावर चक्कर मारून गेले होते. चाचा माझ्याच टेबलाशी बसले आणि त्यांनी स्विचची यादी उघडली. दहा, वीस, तीस, चाळीस. बस. त्यांनी यादी पुन्हा वाचली, चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे बघितलं. मला त्याच क्षणी सगळं आठवलं. त्यांनी एक ओळ लिहिली, कदमला फोन केला, तिकडून "झालं" असं आलं. मग सर्व्हर खोलीत जाऊन पिवळी बांगडी काढली आणि माझ्या हातात दिली. "हिनं खोटं सांगितलं. मी हिच्यावर भरोसा ठिवला, तुमीबी ठिवला. आता खरं झालंय, आता तुमच्या हातानं घाला." बांगडी दोनदा खाली पडली.

संध्याकाळी साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं होतं, चाचा सांभाळून घेतील. वयस्क माणूस, दोन वर्षांत निवृत्त होणार, त्यांना कोण काय बोलणार? साहेबांनी विचारलं, "चूक कोणाची?" चाचा शांतपणे म्हणाले, "ताईंची." मला तिथेच धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. खरं सांगते, त्या क्षणी मला या माणसाचा मनापासून राग आला. साहेब म्हणाले, "मग आता मी पुण्याच्या लोकांना का बोलावू नये?"

"बोलवा की," चाचा म्हणाले. "पन पुण्याच्या मानसांची ही चूक अजून व्हायची हाय, सायेब. ताईंची हून गेली."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, चाचांच्या नव्या सदऱ्यावरच्या ग्रीसच्या डागाकडे बघितलं आणि म्हणाले, "हंगाम संपेपर्यंत बघू." बाहेर आल्यावर मी तडक स्कूटीकडे निघाले. चाचा मागून येत म्हणाले, "माजी चूक हाय म्हनलं असतं तर सायबांनी मला माफ केलं असतं, ताई. तुमाला काय मिळालं असतं? तुमाला हितं राहायचंय." घरी जाताना स्कूटी कॅनॉलच्या पुलावर थांबवून मी भरपूर रडले. राग कुठे गेला ते कळलं नाही. तो हंगाम काटा पुन्हा थांबला नाही आणि हंगाम संपता संपता मी कायम झाले. सासूबाईंनी त्या दिवशी पुरणपोळी केली.

दोन वर्षांनी चाचा निवृत्त होऊन पुणतांब्याला राहायला गेले. निरोप समारंभात त्यांना शाल-नारळ दिला, तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि शेवटची एकदा सर्व्हर खोली बघून घेतली. पुढे दर हंगामाला, मोळी पडायच्या दिवशी, त्यांचा फोन यायचा. कशा आहात, मुलं कशी आहेत, असलं काही नाही. "नवरी कशी हाय?" एवढंच. मी म्हणायची, ठीक आहे. "कदमाला इचारलं का?" विचारलं. "मंग ठिवतो."

यंदा पावसाळ्यात चाचा गेले. मला कळायला चार दिवस लागले. भेटायला पुणतांब्याला गेले तेव्हा चाचींनी आतून सुपारीचा एक जुना डबा आणून माझ्यापुढे ठेवला. आत बांगड्या होत्या. जांभळी, नारिंगी, गुलाबी, तपकिरी. प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली आणि त्यावर त्यांच्या अक्षरात नंबर, साठ, सत्तर, ऐंशी, नव्वद. अजून जन्माला न आलेल्या लाईनींच्या बांगड्या. चाची म्हणाल्या, "मला म्हनायचे, ताईला रंग निवडाय सांगू नगं, हिरव्या-निळ्यात घोळ घालती. म्हनून आपनच निवडून ठिवले." मी हसले आणि हसता हसता मला हुंदका आला. हिरव्या-निळ्यात घोळ घालायचे ते स्वतः, आणि मरेपर्यंत त्यांनी तो माझ्या माथी मारला.

यंदा ऊस नोंदणीसाठी सहावं मशीन आलं. मोळीच्या आदल्या दिवशी मी माझ्या टेबलाशी बसून यादीत साठ लिहिलं. मग ती यादी पहिल्यापासून मोठ्याने वाचली, खोलीत दुसरं कोणी नव्हतं तरी. नोंदणी विभागाला फोन लावून विचारलं, झालं का? तिकडून "झालं मॅडम" असं आलं. मग सर्व्हर खोलीत जाऊन डब्यातली जांभळी बांगडी काढली, चिठ्ठी सोडवली आणि सवयीने पकड शोधायला लागले. पकड लागलीच नाही. काप चाचांनी आधीच देऊन ठेवला होता.