आम्रपालीची वही

नेकनूरच्या शाळेत इंग्रजी शिकवून सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या बंकट सरांची तांबडी शाई पंचक्रोशीत बदनाम होती. लेकरांच्या वहीत निळं कमी आणि तांबडंच जास्त दिसायचं. नुसती चूक दाखवून त्यांचं समाधान होत नसे, समासात दोन-दोन ओळींचे टोमणे मारायचे. हात मात्र त्यांनी कधी कुणावर उगारला नाही. जे काय काढायचं ते पेनातून.

म्हणूनच पंचवीस वर्षांपूर्वीच्या वर्गानं स्नेहमेळाव्याचं बोलावणं धाडलं तेव्हा सर धास्तावले. आता ही चाळिशीची माणसं चारचौघांत जुनं उकरून काढणार. आपण आयुष्यभर शिकवलं की लेकरांना नुसतं खच्ची केलं, हा प्रश्न निवृत्तीपासून त्यांचं काळीज कुरतडत होता, आणि उत्तर ऐकायची छाती होत नव्हती.

आधार सापडला तो घरातल्या जाडजूड शब्दकोशात. टीकेसाठी इंग्रजीत एक जुना शब्द आहे, ॲनिमॅडव्हर्शन. आता तो विलायतेतही फारसा कुणी वापरत नाही. त्याचं मूळ लॅटिनमध्ये निघालं. ॲनिमस म्हणजे मन, आणि ॲडव्हर्टेरे म्हणजे एखाद्या गोष्टीकडे वळवणं. मुळात अर्थ एवढाच, लक्ष देणं. पुढे रोमच्या अधिकाऱ्याचं लक्ष गेलं की शिक्षा ठरलेली, म्हणून शब्दाला शिक्षेचा वास लागला, आणि चारेकशे वर्षांपूर्वी इंग्रजीत रुळता रुळता तो दोष काढण्याचा शब्द होऊन बसला. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन हे सगळं बायकोला, रतनबाईंना समजावून सांगितलं. भाषण लांबवू नका, एवढंच त्या म्हणाल्या.

मेळाव्यात सरांनी तो शब्द फळ्यावर लिहिला, फोड करून सांगितली आणि म्हणाले, "तुमच्या चुका काढल्या, कारण माझं मन तुमच्याकडे वळलेलं होतं." टाळ्यांचा कडकडाट झाला. आता स्वतः शिक्षिका असलेल्या योगितानं उठून त्यांचा एक टोमणा तोंडपाठ म्हणून दाखवला आणि त्यानंच आपण शिकलो असं सांगितलं. सरांचे डोळे भरून आले. सहा वर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटलं त्यांना.

जेवणं उरकल्यावर एक बाई जुनी वही घेऊन समोर आली. आम्रपाली, आता माजलगावला अंगणवाडी सेविका. तिचे आईबाप दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, त्यांच्याबरोबर तीही जायची, आणि आठवीनंतर तिची शाळा सुटली ती सुटलीच. अशा लेकरांच्या वह्यांत सर नुसती बरोबरची खूण करत. चार महिन्यांची पाहुणी, कशाला बिचाऱ्यांना दुखवायचं, असा त्यांचा हिशेब. त्याला ते मनातल्या मनात दया म्हणत.

"सर, मंग माझ्याकडं तुमचं मन कावून वळलं न्हाई?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यामुळे सरांना जास्तच लागलं. तू जाणार होतीस, तुझं मन दुखू नये म्हणून, असं काहीतरी ते पुटपुटले.

"जाणार तर व्हतेच. पर बसले व्हते तवर तुमच्याच वर्गात व्हते ना."

वही उघडून तिनं एका पानावर बोट ठेवलं. आपल्या शाळेवरचा इंग्रजी निबंध होता. सरांनी चष्मा चढवला. दर ओळीत दोन-तीन चुका होत्या, एकीलाही तांबडा डाग नव्हता. शेवटचं वाक्य मात्र काळजीपूर्वक, कुणाला तरी विचारून लिहिल्यासारखं शब्दन् शब्द बिनचूक होतं. 'आमचे सर हे वाचत नाहीत.'

त्याच्याखाली तांबड्या शाईत बरोबरची ठसठशीत खूण होती.

ती खूण बघून त्या दिवशी आपण घरी जाऊन लई रडलो, असं तिनं सांगितलं. टाळ्या, योगिता, रोम, सगळं कुठल्या कुठे गेलं. सरांनी खिशातलं तांबडं पेन काढलं, निबंध पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतला आणि एकूण एक चूक काढली. आम्रपाली शेजारी बसून होती. शेवटच्या वाक्याशी आल्यावर त्यांनी ती जुनी खूण तशीच राहू दिली. तिच्याखाली 'वाचलं' एवढंच लिहून सही केली, आणि तारीख आजची घातली.