कूलरच्या गारव्यातली बाटली

मे महिन्याच्या दुपारी बेसामधल्या आमच्या घरात ओल्या वाळ्याचा गंध भरून असतो. बाहेर ऊन इतके पांढरे असते की समोरच्या भिंतीकडे पाहवत नाही, आणि आत कूलरच्या पाण्याची संथ टपटप ऐकत सारे घर डोळे मिटून पडलेले असते. उन्हाने बिघडेल असे जे जे काही, ते आमच्याकडे कूलरच्या पायाशी आणून ठेवतात: मेथीची जुडी, मळलेली कणीक, आईचे डोळ्यांत घालायचे औषध. त्याच गारव्यात बाबांनी गेल्या उन्हाळ्यात उघडलेली ब्रेक ऑइलची बाटली जपून ठेवली होती.

बाबा स्वतःच्या गाडीवर प्रवासी भाडी मारतात. दुसऱ्या दिवशी मात्र घरचीच माणसे घेऊन चिखलदऱ्याला जायचे होते. आत्या, तिची सून आणि सुनेच्या मांडीवरचे लेकरू. काही दिवसांपासून ब्रेकवरचा पाय नेहमीपेक्षा खोल जात होता, म्हणून जुने ऑइल काढून नवे भरायचे असे बाबांनी ठरवले आणि ती बाटली उचलली.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. ब्रेकचे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि घाट उतरताना चाके तापली की त्यातल्या पाण्याची वाफ होते, मग पाय पोकळीत दाबल्यासारखा खाली जातो आणि गाडी थांबत नाही, हे मी वर्गात शिकले होते. ही बाटली तर गेल्या उन्हाळ्यापासून उघडलेली, आणि आता कूलरच्या ओल्या वाऱ्यात उभी. पण ज्यांनी मला स्टेपनी बदलायला शिकवली, त्यांना मी काय सांगणार? आत्याच्या सुनेचे ते लेकरू डोळ्यांपुढे आले, तेव्हा कुठे बोलले.

"बाबा, हे नका टाकू."

"काहून वं? थंड्यातच तर ठेवलं होतं."

"थंड्यात नाही, ओलाव्यात. उघडी बाटली हवेतलं पाणी पेते."

"घ्या," आई आतून म्हणाली, "आता बाटलीलेही तहान लागते म्हणते."

बाबा हसले नाहीत. बाटली उजेडाकडे धरून त्यांनी बराच वेळ पाहिली, मग बाजूला ठेवली. "चाल," एवढेच म्हणाले.

स्पेअर पार्टच्या दुकानात ब्रेक ऑइलच्या वेगवेगळ्या नंबरांच्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. बाबांचा हात सर्वांत मोठ्या नंबरकडे गेला, आणि अर्ध्यावर थांबला. "पोरीले विचारा," ते दुकानदाराला म्हणाले.

"कालेजवाली बेटी है भाऊ, अब पुराना कुछ नहीं चलेगा तुम्हारा," दुकानदार हसला.

गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या टोपणावर या गाडीला चालणारा नंबर, 'डॉट फोर', कोरलेला मी निघताना पुसून वाचला होता. तेच मागितले, सीलबंद.

ऊन कलल्यावर अंगणात काम सुरू झाले. मी चालकाच्या जागेवर बसले, बाबा चाकापाशी जमिनीवर. मला ते दिसत नव्हते, फक्त आवाज यायचा: "दाब. धरून ठेव. सोड." ब्रेकवरचा माझा पाय त्यांच्या शब्दावर खाली जायचा आणि त्यांच्याच शब्दावर उठायचा. चाकाला लावलेल्या नळीतून येणारे ऑइल बाबा डब्यात धरून मधूनमधून मला दाखवत: आधी चहासारखे काळपट, मग हळूहळू निवळत कोवळ्या उन्हाच्या रंगाचे. शेवटी ब्रेक दाबला तेव्हा पायाखाली भरीव काहीतरी लागले.

चिखलदऱ्याहून परतताना घाटात लेकरू झोपले होते. बाबांचा पाय वळणावळणावर ब्रेककडे जाई, आणि मागे बसलेली मी चपलेत तळवा आवळून घेई. माझे चुकले असेल तर? हा प्रश्न बाबांनी मला एकदाही विचारला नव्हता. तो न विचारता त्यांनी गाडीत आपली सारी माणसे बसवली होती. अशा विश्वासाबद्दलची कृतज्ञता इतकी वजनदार असते, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

घाट संपल्यावर चहाच्या टपरीपाशी त्यांनी गाडी उभी केली, बॉनेट उघडले आणि मला हाक मारली. "ऑइल पाहून घे वं, बरोबर आहे न?"

सारे बरोबरच होते, ते त्यांनाही दिसत असावे. होकार माझ्या ओठांवर आलाच होता. तो तिथेच थांबवून मी ओढणी सावरली, वाकले, आणि नीट पाहू लागले.