अगदी साफ माणूस

मास्तर पूर्वी टेलर होते. शर्टाला बाही आणि बायकोला बहाणा, दोन्ही बेतावेत तर त्यांनीच. मग एकदा शिलाईचं मशीन त्यांना शिव्या द्यायला लागलं. तुम्ही-आम्ही मशीनला देतो, त्यांचं उलटं झालं. त्या आवाजाचं तोंड बंद करायला मास्तर प्यायला लागले, आणि थोड्याच दिवसांत गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय तोकडा आणि मास्तरांचे दोन्ही वाकडे, अशी अवस्था झाली. दुकान गेलं. बायको माहेरी गेली.

व्यसनमुक्ती केंद्रात दारू सुटली, गोळ्यांनी मशीनही गप्प बसलं आणि केंद्रानं मास्तरांना तिथेच ‘सोबती’ म्हणून ठेवून घेतलं. नव्या माणसाचे हात थरथरायला लागले की त्याच्याजवळ बसायचं, शिव्या खायच्या आणि म्हणायचं, ‘मीही असाच होतो रे.’ हे काम मास्तरांना झकास जमायचं, कारण ते खरंच तसे होते. नवरा कामाला लागल्याचं कळताच बायको परत आली आणि ‘आमचे हे केंद्रात असतात’ असं नळावर मान ताठ करून सांगू लागली.

दर शनिवारी रुग्णांचे नातेवाईक येत. इस्त्रीचा शर्ट घालून मास्तर त्यांना आपली कहाणी सांगत. तिची काटछाट मात्र मॅनेजरनं केलेली.

“दारू ठेवा, आवाज गाळा,” तो म्हणाला होता. “दारूवर लोक रडतात. आवाजांचं काढलंत की खुर्च्या मागे सरकवतात. आणि गोळ्यांचं नावसुद्धा नको. आपल्याकडून माणूस अगदी साफ होऊन जातो, कसं?”

मास्तरांनी मान डोलावली. आपली गोळी ते न्हाणीघराच्या आडोशाला, नळाच्या पाण्याबरोबर घेऊ लागले. चोरून पिण्याचा सराव होताच.

अशात तो पेंटर आला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा. त्यालाही भिंती बोलायच्या आणि तोही त्यांना बाटलीनं गप्प करायचा. मास्तरांच्या मागे मागे असायचा. चांगला सुधारत होता, आणि अचानक परत भिंतीशी हुज्जत घालायला लागला. एका दुपारी त्याच्या गादीची चादर बदलताना मास्तरांची नजर शिवणीवर गेली. टेलरची नजर ती, उसवलेलं बरोबर दिसतं. आत बोट घातलं तर गोळ्या.

“हे काय रे?”

“तुम्ही घेता का?” पेंटरनं उलट विचारलं.

मास्तर चादर झटकायला लागले.

“नाही ना? मग मीच का जन्मभर गिळू? मला तुमच्यासारखं व्हायचंय मास्तर. अगदी साफ.”

एवढा मान मास्तरांना आयुष्यात कुणी दिला नव्हता, आणि अशी सणसणीत कानाखालीही कुणी वाजवली नव्हती. त्यांनी खिशातून आपल्या गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. पेंटर हसला. “माझ्यासाठी नाटक करताय होय? शनिवारी तर वेगळंच सांगता.”

म्हणजे आता शनिवारीच सांगायला हवं होतं. सांगावं तर नोकरी जाणार, आणि नोकरीच्या पाठोपाठ बायकोची ताठ मान. न सांगावं तर हे पोरगं भिंतीत डोकं आपटून घेणार.

शनिवारी कहाणी नेहमीसारखी सुरू झाली, बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या, आणि मास्तर मध्येच म्हणाले, “मशीन मला शिव्या द्यायचं. अजूनही देईल. म्हणून ही गोळी रोज घेतो.” सगळ्यांसमोर त्यांनी ती घेतली.

खुर्च्या सरकल्या. मॅनेजरचा अंदाज चुकला नव्हता.

“अगं बाई!” पेंटरची आई ओरडली. “म्हणजे वेड्याच्याच हाती दिलंय माझं पोर!”

पेंटर मास्तरांकडे बघत राहिला. फसवून जुना कपडा गळ्यात मारलेलं गिऱ्हाईक बघतं, तसा. “म्हणजे तुम्ही बरे झालाच नाहीत,” म्हणाला.

त्या संध्याकाळी त्यानं नर्सकडून मुकाट्यानं गोळी घेतली, तोंड उघडून दाखवलं आणि दुसरा सोबती मागितला.

“तब्येत जपा मास्तर,” मॅनेजर गोड आवाजात म्हणाला. “फाटकावर बसा. मोकळी हवा असते.” सोबती म्हणून त्यानं दुसरा माणूस आणला. त्यालाही गोळ्या चालू होत्या म्हणे, पण त्याला तोंड बंद ठेवता यायचं. बायको नळावर अजूनही ‘केंद्रात असतात’ म्हणते, फक्त आता बादली भरायच्या आधीच निघते. मागून कोण काय बोलतं ते सांगत नाही. आपल्याच गल्लीतली तोंडं आहेत ती.

पेंटर बरा होऊन घरी निघाला त्या दिवशी फाटक मास्तरांनीच उघडलं.

“गोळ्या घेतल्यास ना रे बरोबर?”

“तुम्ही तुमच्या घ्या,” तो म्हणाला, आणि आईच्या पुढे होऊन चालू लागला.

घरी बायकोनं विचारलं, “गेला का तो? काय म्हणाला?”

“गोळ्या घेतोय.”

“अहो, तुम्हाला काय म्हणाला?”

“गोळ्या घेतोय म्हटलं ना!” मास्तर खेकसले.